निळा पडदा आणि पाठभेद

वीज जाते, मोटार जळते, गाडी बंद पडते, घड्याळ थांबते. यंत्रांच्या बिघाडासाठी मराठीने वापरलेली क्रियापदे पाहिली, तर प्रत्येक यंत्राशी आपला संबंध निरनिराळा आहे हे सहज लक्षात येते. संगणकाच्या वाट्याला असे स्वतःचे क्रियापद अद्याप आलेले नाही. तो ‘हँग होतो’, ‘क्रॅश होतो’ किंवा नुसताच ‘जातो’. लोणी देवकरच्या आमच्या घरातील संगणकाने २०२४च्या उन्हाळ्यात जे सुरू केले, त्याला यांपैकी एकही शब्द पुरेसा नव्हता. चालू कामाच्या मध्येच पडदा एकदम निळा होई. त्यावर दोन ठिपके आणि एक कंस मिळून झालेला रडवेला चेहरा उमटे, खाली इंग्रजीत एक दुर्बोध सांकेतिक नाव येई आणि मिनिटभरात संगणक आपण होऊन पुन्हा सुरू होई. माझ्या सासूबाईंनी हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, “निळा पडला की गं ह्यो. पान लागल्यावानी.” साप चावला असे न म्हणता पान लागले म्हणायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. तंत्रज्ञांच्या बोलीत या प्रकाराला ‘ब्लू स्क्रीन ऑफ डेथ’, मृत्यूचा निळा पडदा, म्हणतात हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या संगणकात केवळ प्रश्नपत्रिका आणि विजेची बिले असती तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. त्यात ओव्या होत्या. आमच्या गावाच्या एका अंगाला पुणे-सोलापूर महामार्ग आणि औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगाला उजनीचे पाणी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतसागर असे नाव मिळालेल्या त्या जलाशयाखाली नदीकाठची अनेक गावे गेली. पाणी फार ओसरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. मंदिर दगडाचे असल्यामुळे टिकले. त्या गावांतल्या बायका जात्यावर जे म्हणत होत्या, ते मात्र त्यांच्याबरोबर नव्या वसाहतींत आले, आणि पिठाची गिरणी दाराशी आल्यावर म्हणण्याचे निमित्तच उरले नाही. माझ्या सासूबाईंचे माहेर अशाच एका गावातले. त्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्या पाच बायकांच्या ओव्या मी काही वर्षे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करीत होते. महाविद्यालयातल्या काही विद्यार्थिनी त्या ऐकून संगणकावर उतरवीत होत्या. संख्या चौदाशेच्या घरात गेली होती आणि सहांपैकी दोघी तोवर निवर्तल्या होत्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७पासून ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या क्रमाने वाचकांपुढे आणल्या, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. त्या पर्वतापुढे आमचे हे वारूळ. पण वारुळात जे असते ते दुसरीकडे कुठे मिळेलच असे नाही. संगणक निळा पडू लागला तेव्हा प्रश्न यंत्राच्या किमतीचा नव्हता. त्यात साठवलेला मजकूर अजून जसाच्या तसा आहे का, हा प्रश्न होता.

निळा पडदा म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा एक गाभा असतो, त्याला ‘कर्नल’ म्हणतात. स्मृतीचा कोणता भाग कोणाला द्यायचा, कोणी कोणाच्या हद्दीत शिरायचे नाही, याची राखण हा गाभा करतो. आपण चालवीत असलेला एखादा कार्यक्रम चुकला तर गाभा तेवढ्यालाच बंद करतो. पण खुद्द गाभ्याच्या हिशेबात विसंगती सापडली, तर पुढे जाण्यात धोका असतो. ज्या स्मृतीवर विश्वास ठेवून तो लिहिणार, तीच बिघडलेली असेल, तर तो चकतीवर वाटेल ते लिहून ठेवील. म्हणून तो सगळे काम जागच्या जागी थांबवतो, कारणाचे सांकेतिक नाव दाखवतो आणि त्या क्षणीच्या स्मृतीचा एक उतारा जपून ठेवतो. विंडोज एनटी या १९९३च्या आवृत्तीपासून हा पडदा या स्वरूपात दिसत आला. एप्रिल १९९८मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, विंडोज ९८चे प्रात्यक्षिक चालू असताना, स्कॅनर जोडताच तो अवतरला आणि सभागृह हसले. रडवेला चेहरा २०१२ साली आला. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने चेहरा काढून टाकला आणि निळ्याचा काळा रंग केला. रंग बदलला तरी तत्त्व तेच आहे: संगणक येथे बंद पडत नाही, तो जाणूनबुजून थांबतो.

या थांबण्याची किंमत केवढी असू शकते हे त्याच वर्षी, १९ जुलै २०२४ रोजी, जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी निळे पडले. त्या कंपनीचा गाभ्यात बसलेला घटक आपल्या वाट्याच्या यादीबाहेरची स्मृती वाचू पाहत होता. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. घरगुती संगणक बहुतेक वाचले, कारण ते सुरक्षा-साधन संस्थांसाठी होते. आमचा संगणक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या खासगी कारणाने निळा पडत होता.

बिघाड झाला की सल्ला पुष्कळ मिळतो. पुतण्या संगणकाची पदविका करतो. तो म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारा, सगळं नवं होईल.” पोथीत चूक दिसली की पोथी जाळून नवी लिहा, असाच हा उपाय. शिवाय दोष जर यंत्रातच असेल तर नवी पोथीही त्याच सदोष हाताने लिहिली जाणार. गावात सगळ्यांचा संशय विजेवर होता आणि तो निराधार नव्हता. शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासांत येते. बहुतेक विहिरींवर ऑटोस्विच बसवलेले असतात, त्यामुळे वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातले दिवे मंदावतात. व्होल्टेज पडते म्हणून संगणक पडतो, ही उपपत्ती ऐकायला इतकी सुसंगत होती की तिला पुराव्याची गरजच कोणाला वाटत नव्हती.

साहित्याच्या अभ्यासात अशा सुसंगत उपपत्तींशी आपली गाठ नेहमीच पडते. त्यांना एकच औषध असते, ते म्हणजे नोंद. मी एक वही केली. तारीख, वेळ, पडद्यावरचे सांकेतिक नाव, त्या वेळी कोणकोणती कामे चालू होती, दिवे मंद झाले होते की नाही, असे पाच रकाने. पाच आठवड्यांत एकवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी दिवे मंद असतानाच्या केवळ चार होत्या. संगणक यूपीएसवर असताना, वीज पूर्ण गेलेली असतानाही तो दोनदा निळा पडला होता. विजेची उपपत्ती तिथे संपली.

मध्यंतरी इंदापूरच्या एका दुकानातल्या कारागिराने कॅबिनेट उघडले, पंख्यातली धूळ ब्रशने झाडली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने घासले आणि पुन्हा बसवल्या. हा उपाय हसण्यासारखा वाटला तरी तो देशभरच्या दुकानांत रोज चालतो आणि अनेकदा गुण देतो, कारण दातांवर साचलेला मळ निघतो. आमच्याकडेही गुण आला. नऊ दिवस पडदा निळा झाला नाही. दहाव्या दिवशी झाला. वही नसती तर ‘खोडरबराने बरे झाले होते, नंतर काहीतरी नवे बिघडले’ अशी दुसरी कथा तयार झाली असती.

वहीतला खरा ऐवज सांकेतिक नावांच्या रकान्यात होता. एकवीस वेळांत चार वेगवेगळी नावे आली होती: ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ आणि ‘बॅड पूल हेडर’. पुतण्याने स्मृतीचे ते जपलेले उतारे एका छोट्या कार्यक्रमात उघडून दाखवले. बहुतेक ठिकाणी दोषी म्हणून खुद्द गाभ्याच्याच फाइलचे नाव होते. तो म्हणाला, “काकू, विंडोजच खराब आहे.” मी त्याला विचारले, गावात कुठे प्रेत सापडले की वर्दी कोण देतो? पोलीसपाटील. पंचनाम्यात पहिले नाव त्याचे असते म्हणून काही तो खुनी ठरत नाही. गाभ्याला विसंगती सापडली, म्हणून त्याचे नाव आले. विसंगती कोणी केली, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

एखादा चालक, म्हणजे छपाईयंत्रासारख्या उपकरणाशी बोलणारा घटक, सदोष असेल तर सहसा तेच नाव आणि तीच फाइल पुन्हापुन्हा समोर येते. येथे दर वेळी लक्षण निराळे होते. एकच रोग निराळ्या अवयवांत निराळ्या रूपाने दिसत असेल, तर त्याचे मूळ सगळ्यांना सामायिक असलेल्या ठिकाणी शोधावे लागते. संगणकात सर्वांना सामायिक असते ती स्मृती. वहीचा चौथा रकानाही तेच सांगत होता. ध्वनिमुद्रण, टंकलेखन आणि महाजाल असे तिन्ही एकदम उघडे असताना, म्हणजे स्मृती काठोकाठ भरलेली असताना, पडदा निळा होण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. बिघडलेली जागा जोवर कोणाच्या वाट्याला येत नव्हती तोवर सगळे ठीक होते. ती कोणाच्या वाट्याला येई, त्यावर त्या दिवसाचे सांकेतिक नाव ठरे.

मग एके रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट नावाचा कार्यक्रम चालवला. त्याचे काम अगदी पंतोजीसारखे असते. स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरलेली आकृती लिहायची आणि परत वाचून पाहायची, मग दुसरी लिहायची, पुन्हा वाचायची. सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी होत्या. पुढचे दोन दिवस आम्ही एका वेळी एकच बदल केला. एक पट्टी एकटी तपासली: रात्रभरात एकही चूक नाही. दुसरी एकटी तपासली: वीस मिनिटांत चुका. तीच दुसऱ्या खाचेत बसवली: पुन्हा चुका. म्हणजे दोष खाचेचा नव्हता, पट्टीचाच होता. ती काढून टाकली, दुसरी आणली आणि पडदा निळा होणे थांबले. यंत्राची गोष्ट येथे संपली, पण मजकुराचा प्रश्न तसाच उभा होता.

जी पट्टी लिहिलेले तसेच परत देत नव्हती, तिच्यातून गेले कित्येक महिने आमच्या ओव्या ये-जा करीत होत्या. गाभ्याच्या हिशेबाला धक्का लागला तेव्हा पडदा निळा झाला. पण तोच बिघाड एखाद्या ओवीच्या अक्षराला लागला असेल तर? गाभ्याला ओवी कळत नाही. त्याच्या लेखी ते नुसते अंक असतात. तेथे पडदा निळा होणार नाही, काहीही होणार नाही. अक्षर बदलेल आणि बदललेलेच जतन होईल.

हे कसे घडू शकते, ते पाहण्यासारखे आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे आणि ते क्रमांक वर्णमालेच्या क्रमाने लावलेले आहेत. त्यामुळे त आणि थ शेजारी आहेत, आणि द्विमान पद्धतीत लिहिले तर त्यांच्यात केवळ शेवटच्या एका बिटाचा फरक आहे. द-ध, प-फ, ब-भ, च-छ, ज-झ यांचेही तसेच. क-ख किंवा ट-ठ यांचे तसे नाही, त्यांच्यात एकाहून अधिक बिटांचा फरक पडतो. म्हणजे सदोष पट्टीने ते एक बिट उलटवले तर दानाचे धान होईल, पळाचे फळ होईल, दाराची धार होईल. वर्णमालेने शेजारी बसवलेले अल्पप्राण आणि महाप्राण एकमेकांच्या घरात जातील, आणि निष्पन्न होणारा शब्द निरर्थक असेलच असे नाही. पाठचिकित्सेत ज्याची सर्वांत धास्ती असते ती चूक हीच, अर्थपूर्ण चूक.

आम्ही चौदाशेच्या चौदाशे ओव्या मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायला घेतल्या. मुद्रणे मोबाईलच्या कार्डांवर स्वतंत्र होती, हे सुदैव. एका ओवीत, भाऊ येणार म्हणून बहिणीची चाललेली लगबग आहे. फाइलमध्ये ती ‘थाट’ मांडते. ध्वनिमुद्रणात ती ‘ताट’ मांडते. मराठीत दोन्ही मांडता येतात. भावासाठी ताट मांडणारी बहीण आणि थाट मांडणारी बहीण या दोन वेगळ्या बायका आहेत. पहिलीच्या घरात कदाचित एकच ताट असेल.

हा बदल कोणी केला? सदोष पट्टीने एक बिट उलटवले असेल. पण विद्यार्थिनी ज्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर काम करीत होत्या, त्यावर त आणि थ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली की थ येतो. म्हणजे बोट आणि बिट दोघेही नेमकी हीच चूक करू शकतात. फाइलकडे पाहून दोघांत निवाडा करणे अशक्य आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासात लेखनिकाच्या चुकांचे वर्गीकरण करता येते, कारण लेखनिक माणूस असतो. त्याची नजर एका ओळीवरून सारख्या शब्दाच्या दुसऱ्या ओळीवर घसरते, त्याला अनोळखी शब्द ओळखीचा करावासा वाटतो. सदोष पट्टीला असा कोणताही कल नसतो. तिच्या चुकीचा मानसशास्त्रीय अन्वयार्थ लावता येत नाही.

मी सासूबाईंना दोन्ही पाठ म्हणून दाखवले आणि कोणता खरा असे विचारले. त्यांनी दोन्ही एकदा स्वतःच्या चालीवर म्हणून पाहिले. “दोन्ही चालतंय की,” त्या म्हणाल्या. “माझी आई थाट म्हणत असंल बी. कुनाला ठावं?”

या उत्तराने मी बराच काळ निरुत्तर होते. मौखिक परंपरेत पाठभेद ही चूक नसते हे मी दरवर्षी एम. ए.च्या वर्गात शिकवते. प्रत्येक बाई ओवी थोडी बदलते आणि त्या बदलण्यातच ओवी जिवंत राहते. उलट ग्रंथपरंपरा बदलाला घाबरते. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत आपली ओवी मिसळू पाहणाऱ्याला बजावून ठेवले. राजवाड्यांनी १९०९मध्ये त्याच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९पासून १९६६पर्यंत चालले. वेदपाठकांनी तर लिपीची मदत न घेता क्रम, जटा, घन असे पाठ रचले. शब्द पुढून-मागून इतक्या वेळा गुंफलेले की एक जरी निसटला तर पुढच्या गुंफणीत ते उघडे पडावे. रिचर्ड हॅमिंग हा गणितज्ञ १९४०च्या दशकाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत याच प्रश्नाला भिडला होता. सुट्टीच्या दिवशी त्याचे काम चालवणारे यंत्र चूक सापडली की ते काम सोडून देई आणि सोमवारी त्याच्या हाती काहीच लागत नसे. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून १९५० साली त्याची चूक-सुधारक संकेतपद्धती प्रसिद्ध झाली. आज मोठ्या सर्व्हरमधील स्मृती त्या तत्त्वावर आपली एका बिटाची चूक आपणच दुरुस्त करते. घरगुती संगणकाला ही सोय सहसा दिलेली नसते. घरात जपण्यासारखे फारसे काही नसते, असा त्यामागे हिशेब असावा.

असो. माझ्यापुरता निर्णय मी असा केला आहे. सासूबाईंच्या आईने थाट म्हटले असेल तर तो पाठभेद आहे आणि त्यामागे एक बाई आहे, तिचे घर आहे, तिचा भाऊ आहे. पट्टीने थाट केले असेल तर त्यामागे कोणीच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कागदाबाहेरचा पुरावा जपायचा. सासूबाईंच्या मुद्रणात ताट आहे, म्हणून संहितेत ताट ठेवले. थाट तळटीपेत घेतले नाही, कारण ते कोणी म्हटल्याचा पुरावा नाही. पुढेमागे दुसऱ्या गावातली एखादी बाई तसे म्हणताना ऐकू आली, तर तिच्या नावाने ते आत येईल.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी, जसे पाहिले तसे लिहिले, चूकभूल असल्यास मला दोष देऊ नये, अशा अर्थाचा मजकूर लिहीत. आम्ही आता प्रत्येक फाइलच्या आरंभी तीन नोंदी करतो: कोणी म्हटले, कोणी उतरवले, ध्वनिमुद्रणाशी कोणत्या तारखेला ताडून पाहिले. आजवर नऊशे ओव्या ताडून झाल्या आहेत. थाटासारखी आणखी तीन ठिकाणे सापडली. उरलेल्या पाचशे ओव्यांपैकी बहुतेक त्या दोन निवर्तलेल्या बायकांच्या आहेत. त्यांच्या बाबतीत विचारायला कोणी नाही, फक्त ऐकायचे आहे.